फोटोत न आलेलं पोट

‘‘हिले पोटच नाई.’’

म्हातारी हे मला म्हणाली नव्हती. शेजारी बसलेल्या बाईच्या कानाशी लागून म्हणाली होती. पण तिला स्वतःला कमी ऐकू येत असल्यामुळे तिचं हळू बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. मी चहाचा कप धरून दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. ओसरीत सात-आठ बायका गोल बसल्या होत्या आणि मधे मी तालुक्याच्या गावाहून, मूलहून, आणलेले पाच फोटो मांडले होते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून एकेकावर एकेक वाटी ठेवली होती. म्हातारीनं पाचव्या फोटोवरची वाटी काढून तो फोटो डोळ्यांपासून हातभर लांब धरला होता.

‘‘सावली पडली असन,’’ शेजारीण म्हणाली.

‘‘पोटावरच पडली का? बाकीच्या चौघींच्या पोटावर काऊन नाई पडली मंग?’’

तिघी-चौघी पुढे वाकल्या. मीही वाकले. मासोळीची पाठ चकाकत होती, डोळा ओला दिसत होता, वरची खवलं एकेक करून मोजता आली असती. आणि बरोबर मधल्या रेघेखाली सगळं काळं होतं. सावलीला गोलाई असते, ती कुठेतरी विरते. हे पट्टी ठेवून कापल्यासारखं सरळ होतं. आदल्या दिवशी स्टुडिओत मी तो फोटो दोन तास मोठ्या पडद्यावर पाहिला होता, त्याचा रंग नीट केला होता, आणि मला ते दिसलं नव्हतं. म्हातारीला चष्मा नव्हता.

ते काय होतं हे मला त्याच क्षणी कळलं.

बायकांच्या गटाची अध्यक्ष, जिला सगळ्या जणी नुसतं बाई म्हणायच्या आणि मीही म्हणू लागले होते, तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘असंच येते का वो हे फोटोत?’’

‘‘हं,’’ मी म्हणाले.

घरातली, गावातली बोली मला सगळी समजते. पण माझ्या तोंडून ती निघाली की मला उसनी वाटते, आणि पुस्तकातल्यासारखं बोलले की समोरच्याला मी शिष्ट वाटते. इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढल्यावर माझ्याकडे दोन्हींच्या मधलं काही उरलं नाही. म्हणून मी शक्यतो ‘हं’ म्हणते. लोक त्याचा त्यांना हवा तो अर्थ काढतात. बाईनं अर्थ काढला की फोटोत असंच येतं, आणि तिनं वाटी परत ठेवली.

पण त्या पाचांमध्ये तेच पोट महत्त्वाचं होतं.

गावाचा तलाव मच्छीमार संस्थेच्या ताब्यात आहे. संस्थेत बाप्ये माणसं. डोंगे, म्हणजे होड्या, त्यांचे, मोठी जाळी त्यांची, रोहू-कतला ही मोठी मासोळीही त्यांचीच. बायका काठाला कमरेएवढ्या पाण्यात हातजाळी घेऊन उतरतात आणि बोटाएवढी, वीतभर अशी जी बारीक मासोळी मिळेल ती धरतात. थोडी मूलच्या बाजारात जाते, थोडी घरी शिजते, उरलेली वाळवून पावसाळ्यासाठी ठेवतात. त्या उन्हाळ्यात संस्थेनं असं काढलं की तलावात पाणी कमी आहे तोवर मोहाच्या बियांची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, टाकायची. ढेपेच्या विषानं सगळी बारीक मासोळी उलटी होऊन वर येते. मग पाऊस पडला की मोकळ्या तलावात रोहू-कतलाची विकतची बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडायची, म्हणजे खाणारं कोणी नाही आणि मोठी मासोळी झपाट्यानं वाढते. बारीक मासोळीला संस्थेच्या कागदात कचरा मासोळी असा शब्द होता.

बायकांचं म्हणणं एवढंच होतं की आता, पावसाच्या तोंडावर, ती मासोळी पोटुशी असते. आता ढेप टाकली तर पुढच्या वर्षाचीही जाते. संस्थेच्या सचिवांचं म्हणणं होतं की ही मासोळी या तलावात अंडी देतच नाही. ती नाल्याच्या पुरातून येते, दरवर्षी येते, आताही येईल. यावर बायका खूप हसल्या होत्या. एक म्हणाली, ‘‘आनून कापून दाखवतो न मंग त्याच्या टेबलावर.’’ पण अर्ज संस्थेमार्फत चंद्रपूरच्या मासेमारी खात्याकडे जायचा होता आणि अर्जाला मासोळी टाचता येत नाही. फोटो लागणार होता. त्याआधी संस्थेच्या सभेत तो अर्ज वाचला जाणार, सगळ्यांनी हो म्हटलं तर ढेप थांबणार. नाही तर त्याच आठवड्यात पडणार.

बाई माझ्याकडे आली ती पासपोर्ट फोटोसाठी. मूलला ज्या स्टुडिओत मी काम करते तिथे दिवसभर तेच असतं. निळा पडदा, लाकडी स्टूल, मान सरळ, झालं. भिंतीवर एका कोपऱ्यात मी काढलेला चतुराचा फोटो लावला होता, बाजूनं फ्लॅश मारून काढलेला. त्याच्या पंखांच्या जाळीतून उजेड आला होता. स्टुडिओचे मालक भाऊ त्याला ‘किड्याचा फोटो’ म्हणायचे, पण काढून टाकत नव्हते. बाई पैसे द्यायचं विसरून त्याच्यापुढे उभी राहिली.

‘‘हा कोनं काढला?’’

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

‘‘असा मासोळीचा निघते का वो? जिती असताना?’’

‘‘हं.’’

तो ‘हं’ मात्र खरा होता. मला वाटलं होतं की निघेल.

फ्लॅश कॅमेऱ्यावर न ठेवता बाजूला ठेवायचा, एवढीच ती विद्या. समोरून मारलेला उजेड माणसाला भिंतीवर चिकटवतो. तोच बाजूनं मारला की गाल, नाक, टोमॅटो, पाण्याचा पितळी गुंड, सगळ्याला गोलाई येते. हे मी घरी बसून इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकले. त्यातली माणसं मोठमोठ्या खोल्यांत उभी असायची आणि ज्याला ती स्वस्त म्हणायची ते माझ्यासाठी स्वस्त नसायचं. माझा कॅमेरा लग्नात दहा वर्षं राबून झालेला, दुसऱ्या हातचा. फ्लॅशही तसाच, त्यावर आपोआप काही होत नाही, सगळं हातानं फिरवावं लागतं. त्या दोघांना जोडणारी बिनतारी ट्रिगरची जोडी बाजारात सगळ्यात हलकी मिळाली ती. मऊ उजेडासाठी आईचा जुना पांढरा परकर. उजेड परत फिरवायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल.

एका व्हिडिओतला माणूस सांगायचा की सगळ्यात स्वस्त स्टँड म्हणजे शेजारी उभा असलेला माणूस, त्याला फ्लॅश धरायला सांगा. मी तेलाच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप रोवला. तो उचलताना अजून माझी कंबर धरते. पण त्याला काही विचारावं लागत नाही.

मासोळीसाठी काचेची पेटी करून घेतली. खिडक्यांच्या काचा कापणाऱ्याकडे गेले, कागदावर चित्र काढून दिलं. त्यानं विचारलं, ‘‘घरी मासे पाळून राह्यली का?’’ मी ‘हं’ म्हणाले. पेटी पुस्तकाएवढी उंच आणि दोन बोटं जाड, म्हणजे आत मासोळीला वळता येऊ नये, बाजू दाखवूनच उभं राहावं लागावं. जिवंत मासोळीचे रंग मेलेलीत राहत नाहीत. पाण्याबाहेर काढली की डोळा आधी जातो. म्हणून पेटी, आणि काचेत समोरून मारलेला फ्लॅश आरशासारखा उलटून येतो, म्हणून फ्लॅश वरून आणि बाजूनं. मागे काळं कापड.

पहाटेच्या बसनं त्यांच्या गावी गेले. पेटी मांडीवर, त्यावर टॉवेल. तेलाचा डबा घरीच ठेवावा लागला, बसमध्ये कोण चढू देणार. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चिंचेच्या सावलीत मांडामांड करेपर्यंत ऊन चढलं होतं. फ्लॅश कोणी धरायचा हे मी सांगायच्या आतच बाईनं तो माझ्या हातून घेतला, पदरानं पुसला आणि म्हणाली, ‘‘सांग, कुठी धरू?’’ मी बोटानं वर दाखवलं. ती पुढचे चार तास हात वर करून उभी होती. मधेमधे हात बदलायची. एकदाही तिनं ‘झालं का’ विचारलं नाही.

बाकीच्या पाण्यात होत्या. मासोळी आली की ओंजळीत धरून धावत पाळीवर आणायच्या, पेटीत सोडायच्या आणि नाव सांगायच्या. प्रत्येकीचं माहेर वेगळं, त्यामुळे एकाच मासोळीची तीन नावं. त्यावर भांडण. ‘‘आमच्या कुरखेड्याकडं हिले असं नाई म्हनत.’’ ‘‘मंग कुरखेड्यालेच रायची होती!’’ वहीतला नावाचा रकाना मी शेवटी रिकामाच ठेवला.

चार जातींचे फोटो बरे आले. प्रत्येक फोटोनंतर फ्लॅश बारीक शिट्टी वाजवत भरायचा, सेल तापायचे, मी ते काढून सावलीत ठेवायची, दुसरे घालायची. दुपार झाली. माझे गुडघे मातीत रुतून बधिर झाले होते, घामानं कॅमेरा हातातून निसटत होता. तेव्हा म्हातारी स्वतः पाण्यातून वर आली. ओंजळीत अंगठ्याहून थोडी मोठी मासोळी होती, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेलं.

‘‘हे पोटुशी हाये. दोनच फोटो काढ पोरी. मंग मी सोडतो तिले. मी पोटुशी घरी नेत नाई, आन् मारूनबी टाकत नाई.’’

हा तिचा नियम होता. इतर बायका त्यावरून तिची थट्टा करायच्या, पण तिच्यासमोर मोडायच्या नाहीत.

पेटीच्या काचेत बाईचं लाल लुगडं दिसत होतं. सकाळी दिसत नव्हतं. आता ऊन फिरून तिच्या अंगावर आलं होतं. तिला बाजूला व्हा म्हणायला हवं होतं. चार तास हात वर करून उभ्या असलेल्या बाईला पुन्हा हल म्हणायचं माझ्या जिवावर आलं. त्याऐवजी मी शटरचा वेग वाढवला. फोटोत येणारा बाहेरचा उजेड कमी झाला, लाल रंग गेला, काच स्वच्छ झाली, मासोळी काळ्यावर चमकली. मी दोन फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात पाहिले, आणि मला वाटलं हे सगळ्यांत चांगले आले.

शटरला दोन पडदे असतात. वेग एका मर्यादेपर्यंत असला तर फ्लॅश चमकतो त्या क्षणी सगळी चौकट उघडी असते. त्यापलीकडे गेलं की एक पडदा निम्म्यावर आलेला असतो आणि त्यामागचा भाग काळा राहतो. कुठल्याही दुसऱ्या फोटोत ही काळी पट्टी लगेच दिसली असती. माझ्या फोटोत मासोळीमागे काळं कापड होतं. काळ्यात काळं मिसळलं. ही मर्यादा प्रत्येक व्हिडिओत पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. मला ती पाठ होती. आता मी त्या तलावावर जाते तेव्हा वेगाचा आकडा लावून झाला की कॅमेऱ्याच्या चाकावर चिकटपट्टी मारते.

म्हातारीनं मासोळी पेटीतून काढली, पाण्यापर्यंत चालत गेली, हात पाण्यात बुडवून उघडले.

फोटो दाखवले त्या दिवशी ओसरीत हे सगळं सांगता आलं असतं. माझं चुकलं, उद्या परत येते, दुसरी धरा. एवढंच वाक्य. बसस्टॉपवर उभी असताना ते मी मनात तीनदा म्हटलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. बाई मला सोडायला आली होती. ती म्हणाली, ‘‘परवा सभा हाये. पाचवा जरा बराबर होते का पाह्यजो. तोच तर कामाचा हाये.’’ मी ‘हं’ म्हणाले. बस आली.

मी दमले होते. हे कारण मी स्वतःला अनेकदा दिलं आहे आणि ते खोटंही नाही. शाळेच्या प्रवेशांचे दिवस होते, स्टुडिओत रांग लागलेली. पण एक दिवस मागून घेता आला असता. भाऊंनी नाही म्हटलं नसतं. पुन्हा जायचं म्हणजे आधी चूक सांगायची, आणि ज्या बायका मला शिकलेली म्हणून पहिला चहा देत होत्या त्यांच्यासमोर सांगायची. त्यापेक्षा दमणं सोपं होतं.

भाऊंनी माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. ‘‘काय झालं?’’

‘‘खालचा भाग गेला.’’

‘‘मंग लाव न.’’ ते सहज म्हणाले. ‘‘पोट तर पोट. आपुन मेलेल्या आज्याले नातीच्या लग्नात उभं केलं, फेट्यासकट. आठवते न? लोक रडले पाहून.’’

आठवत होतं. तो आजोबा मीच बसवला होता. स्टुडिओत आम्ही मिटलेले डोळे उघडतो, शर्टावर कोट चढवतो, काळ्याला गोरं करतो. त्यात कोणाला काही वाटत नाही, लोक त्यासाठीच येतात. भाऊंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

नेटवर मासोळीचा एक फोटो मिळाला, त्याच बाजूनं पाहणारी, भरल्या पोटाची. तिचं पोट कापून घेतलं, आकार दिला, रंग जुळवला, जिथे काळं सुरू होत होतं तिथे कड पुसट केली. उजेड वरून आणि डावीकडून होता, म्हणून पोटाखाली थोडी सावलीही घातली. मी हे काम फार नीट केलं. प्रिंट निघाली तेव्हा भाऊ म्हणाले, ‘‘पाह्य! आता हिले बाळंत करा.’’ मी हसले.

सभा सकाळी समाजमंदिरात होती. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर. पंखा फिरत होता पण त्याचं वारं खुर्च्यांपर्यंतच येत होतं. मी बायकांच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसले. पिशवीत पेटी, कॅमेरा, भरलेले सेल होते. का आणले होते ते मला नीट सांगता येणार नाही. रात्री भरायला लावले आणि सकाळी उचलले.

फोटो आधी बायकांमध्ये फिरले. पाचवा म्हातारीच्या हातात आला. तिनं तो लांब धरला, नंतर जवळ आणला, बोटानं पोटावरून घासून पाहिलं. मग मान वळवून मला शोधलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काही विचारायचं असावं आणि विचारायचं राहू द्यावं, असं ती पाहत होती. तिनं फोटो पुढे दिला. बाई म्हणाली, ‘‘झालं न बराबर?’’ म्हातारी म्हणाली, ‘‘हो.’’ एवढंच, आणि पहिल्यांदाच खरोखर हळू.

अर्ज वाचून झाला. फोटो खुर्च्यांकडे गेले. सचिवांनी चष्मा लावला, पहिले चार भराभर पाहिले. पाचवा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या ढिवराकडे दिला. आयुष्यभर डोंग्यात बसून मासोळी धरलेला माणूस, पाठ तशीच वाकलेली. त्यानं फोटो तिरपा केला आणि हसायला लागला.

‘‘हे डोकं आपल्या मासोळीचं हाये गा. पोट रोहूच्या पिल्लाचं. खवलं पाह्य न तू, वरची केवढी, खालची केवढी. पोट वरतून लावलं हाये.’’

फोटो सगळ्या खुर्च्यांमधून फिरला. हसू वाढत गेलं. कोणीतरी म्हणालं, ‘‘सासरचं डोकं, माहेरचं पोट!’’

सचिव हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला. ‘‘मले एक सांगा बाई, एक असा असन तर बाकीचे चार कुठून आनले हो? का सगळे कम्प्युटरातलेच धरले? हा कागद मी चंद्रपूरले पाठवू? संस्थेच्या नावानं?’’

बाई उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, पण पदर मुठीत धरला होता.

‘‘माह्या हातानं उजेड धरला मी. चार तास. ह्या सगळ्या पान्यात होत्या. फोटोत काय झालं ते मले समजत नाई, पन खोटं नाई केलं आमी. आन् ही पोरगी,’’ तिनं मागे न पाहता हात केला, ‘‘हिच्या तोंडून खोटं निघत नाई. मी सांगतो.’’

‘‘तोंडून काही निघालं तर पाह्यजे!’’ खुर्च्यांतून कोणीतरी म्हणालं. ‘‘आल्यापासून मुकीच बसून हाये.’’

पुन्हा हशा झाला. बायकाही हसल्या, एक-दोघी, कारण ते खरंच होतं. बाई हसली नाही. ती अजून उभी होती. सचिवांनी अर्जाची घडी घालायला सुरुवात केली होती. घाईनं नाही, काम संपलेला माणूस घालतो तशी. शेजारच्या माणसाशी ते ढेपेच्या पोत्यांबद्दल काहीतरी बोलत होते, ती कुठे उतरवायची त्याबद्दल.

माझ्या डोक्यात आधी इंग्रजी शब्द आले, शटर, वेग, मर्यादा, आणि ते सगळे इथे निरुपयोगी होते. म्हातारी पुढे पाहत होती, पाठ ताठ करून. तिनं मला विचारलं असतं तर मी ‘हं’ म्हणाले असते, आणि हे तिला ठाऊक असावं, म्हणून तिनं विचारलं नव्हतं. भिंतीला हात लावून उभी राहिले. पिशवीतली पेटी फरशीला लागून वाजली, तेव्हा लोकांनी वळून पाहिलं.

‘‘ते पोट मी लावलं,’’ मी म्हणाले. ‘‘स्टुडिओत बसून. खरं पोट फोटोत आलंच नव्हतं, माझं चुकलं होतं, आन् मी कोनाले सांगितलं नाही. बाईले माहीत नव्हतं. यांच्यातल्या कोनालेच माहीत नव्हतं. बाकीचे चार इथलेच आहेत, त्यांले मी हात लावला नाही. हा फाडून टाका. पेटी आणली आहे मी, कॅमेरा आहे. आत्ता चला पाळीवर, तुमच्यातल्या कोनीबी जाळं टाका, अन् बाईच्या बदली तुमच्यातल्या एकानं उजेड धरा. मी पुन्हा काढते.’’